स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कुठे थांबावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेत पतीबरोबर एच-४ व्हिसावर आलेल्या अनेक मराठी स्त्रियांना नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहींना परवाना मिळतो, पण तो ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांनाच. अशा आमच्यापैकी काही जणी न्यू जर्सीतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत नव्याने आलेल्या कुटुंबांना विनामूल्य इंग्रजी शिकवतात. वर्गात ग्वाटेमाला, हैती, इजिप्त, अफगाणिस्तान अशा देशांतले आईवडील असतात. काम समाधानाचे आहे, परंतु त्यात पडणाऱ्या नैतिक पेचांविषयी आपल्या माणसांत फारसे बोलले जात नाही, म्हणून हे पत्र.

कोणत्याही पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा ‘तुम्ही कुठून आलात, केव्हा आलात, कुठे राहता’ असाच असतो. ज्याची कागदपत्रे अपुरी आहेत त्याला हे प्रश्न धडकी भरवतात. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांच्या परिसरात अटकेची कारवाई शक्यतो टाळण्याचे केंद्रीय धोरण मागे घेतले गेले आणि त्यानंतर हजेरीच्या वहीत पत्ता लिहायलाही लोक कचरू लागले. कागदपत्रे नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवले आहे. पण तो निकाल मुलांच्या शिक्षणापुरता आहे. काल्पनिक व्यक्तीचे नाव-पत्ता असलेले कार्ड हाती दिले तरी त्याच वाक्यांचा सराव होतो, तेव्हा खरी माहिती विचारूच नये, असे माझे ठाम मत आहे.

‘माझे कुटुंब’ या विषयावर निबंध लिहून घेतानाही असाच विवेक लागतो. मुलाचा छळ होत असल्याचा सबळ संशय आला तर तो कळवणे न्यू जर्सीत प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि ही गोष्ट लिहायला सांगण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या कानावर घालायला हवी. मार खाणाऱ्या प्रौढ स्त्रीला मदतीचा दूरध्वनी क्रमांक द्यावा, पुढचा निर्णय तिच्यावर सोडावा. ऑगस्ट २०२१ नंतर या राज्यातल्या लष्करी तळावर उतरलेल्या अफगाण कुटुंबांपैकी काही इथेच स्थायिक झाली. त्यांच्यातल्या काही स्त्रियांना पुरुषांसोबत वर्गात बसणे मान्य नसते. स्वतंत्र वर्ग म्हणजे त्या बंधनाला मान्यता देणे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही, कारण स्वतंत्र वर्ग नाकारला तर ती स्त्री घरीच राहते.

सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न मुलांचा आहे. मुले शाळेत भराभर इंग्रजी बोलू लागतात, आईवडिलांना वेळ लागतो, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी घरमालक, बँक, डॉक्टर या सगळ्यांशी घराच्या वतीने बोलू लागते. आईच्या गर्भपाताविषयी डॉक्टर काय म्हणाले हे तिने आईला सांगायचे, शाळेत स्वतःबद्दलची तक्रारही तिनेच वडिलांना समजावून द्यायची! ‘ओबामाकेअर’ या आरोग्यविम्याच्या कायद्याखालील २०१६ च्या नियमांनी तातडीचा प्रसंग वगळता लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास आरोग्यसेवेत मनाई केली. तरीही आपण शिक्षकच ‘मुलीला विचारा, ती सांगेल’ असे सहज म्हणून जातो. ‘मला दुभाषा हवा आहे’ हे वाक्य पालकांना पहिल्याच आठवड्यात शिकवले पाहिजे.

‘घरीही इंग्रजीच बोला’ हा सल्लाही असाच सढळ हाताने दिला जातो. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाषेची अडचण दूर करण्याची जबाबदारी शाळांवर टाकली, घरावर नव्हे. १ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी ही अधिकृत भाषा झाली. त्यानेही कुणाच्या घरातल्या भाषेला हात लावलेला नाही. मोडक्या इंग्रजीत आई मुलाला जेवायला बोलावू शकेल, पण त्याची समजूत काढणे, आजोबांची गोष्ट सांगणे, चुकल्यावर नीट बोलणे तिला जमणार नाही. आपण रविवारी आपली मुले हौसेने मराठी शाळेत पोहोचवतो. मग स्पॅनिश किंवा अफगाणिस्तानातली दरी भाषा बोलणाऱ्या आईला हा सल्ला आपण कोणत्या तोंडाने देतो?

येथील महाराष्ट्र मंडळांकडे मराठी शाळा चालवण्याचा मोठा अनुभव आहे. इंग्रजीच्या वर्गांवर जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी त्यांनी या प्रश्नांवर निदान एक प्रशिक्षणसत्र घ्यावे आणि त्यात या देशांतून आलेल्या दोन-तीन पालकांना बोलायला बोलवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी