मैदान देताना हेही विचारा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कबड्डी मंडळाची खजिनदार. माझी मुलगी त्याच मंडळाकडून किशोरी गटात खेळते. दरवर्षी मी धर्मादाय कार्यालयात मंडळाचे हिशेब सादर करते. मॅटच्या खरेदीची पावती नसेल तर लेखापरीक्षक अडवतो. पण रोज संध्याकाळी गावाची मुलं ज्याच्या हाती सोपवली जातात, तो प्रशिक्षक आधी कुठे होता आणि तिथून का निघाला, हे आजवर एकाही सरकारी कार्यालयाने आम्हाला विचारलेलं नाही.

कायदा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो 2012 साली आला. त्याखालच्या 2020 च्या नियमांत तर क्रीडा अकादमींचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची, असं त्यात लिहिलंय. शाळांमध्ये निदान मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या आल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघड झाल्यावर त्यांच्याबद्दल जाबही विचारला गेला. शाळा सुटल्यावर मूल ज्या मैदानावर जातं, तिथे यातलं काहीच पोचलेलं नाही.

आणि मैदानावरची गोष्ट वर्गापेक्षा अवघड असते. घोटा पकड, कमरेची पकड शिकवायची तर हात लावावाच लागतो. यातला कोणता हात शिकवण्याचा आणि कोणता नाही, हे तेरा वर्षांच्या पोरीने कसं ओळखायचं? पकड सगळ्यांसमोर शिकवायची, आधी सांगून, शक्यतो दोन मुलींनाच एकमेकींवर करायला लावून. एवढा साधा नियम, पण तो कुठल्या मंडळात लिहून लावलेला मी पाहिला नाही. बाहेरगावच्या स्पर्धेत शाळेच्या वर्गखोल्यांत मुक्काम असतो. मुलींचा संघ आणि सोबत एकही बाई नाही, हे आजही दिसतं. रात्री उशिरा सरांचा मुलीच्या मोबाईलवर वेगळा मेसेज येतो. आईवडील तो वाचतात आणि गप्प राहतात.

कारण निवड सरांच्या हातात असते. जिल्हा संघ, राज्य संघ, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, सगळ्याची सुरुवात त्या एका यादीपासून होते. मजुरी करणारं घर सरांशी वाकडं कसं घेईल? मुलग्यांच्या पालकांना तर हा प्रश्न आपला वाटतच नाही. पॉक्सोत मात्र मुलगा-मुलगी असा भेद नाही. तक्रार आलीच तर पदाधिकारी म्हणतात, आपसात मिटवू. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे किती अध्यक्षांना माहीत आहे?

आमच्याकडचे प्रशिक्षक पदरमोड करून मुलांना शिकवतात. अशा माणसांना पडताळणीची अडचण होणार नाही. ती नसल्याचा फायदा होतो तो एका मंडळातून गुपचूप काढल्यावर शेजारच्या तालुक्यात उजळ माथ्याने रुजू होणाऱ्याला.

साहेब, मंडळांना क्रीडा संकुलाचं मैदान, व्यायामशाळेचं अनुदान तुमच्याच खात्याकडून मिळतं. ते देतानाच प्रशिक्षकाचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक सक्तीची करा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्याचा संघनिवडीशी काडीचाही संबंध नाही अशा एका व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर, त्याखाली मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर, मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायला लावा. तक्रार निवड करणाऱ्याकडेच जाणार असेल तर कुठलंच मूल ती करणार नाही. आणि तक्रारीवरून काढलेल्या प्रशिक्षकाची नोंद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे राहू द्या, म्हणजे पुढच्या मंडळाला विचारायला जागा असेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरेल. ते उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती लागण्याआधी निघावं, ही विनंती.

आपली,
एका कबड्डीपटूची आई