सांडपाण्यातून वीज: आपण भलताच आकडा बघतोय

प्रति संपादक,

कारखान्याच्या सांडपाण्यातून वीज काढणाऱ्या मायक्रोबियल फ्युएल सेलबद्दल अधूनमधून छापून येतं आणि सूर बहुतेक वेळा एकच असतो, घाण पाणी आत सोडा, बाहेर स्वच्छ पाणी आणि वर फुकटची वीज, कारखाना त्याच्यावरच चालेल वगैरे. तंत्रज्ञान खरंय, फसवाफसवी नाहीये, पण वीजवाला भाग इतका फुगवतात की खरा उपयोग बाजूलाच राहतो, म्हणून हे पत्र.

मुळात होतं काय, तर काही बॅक्टेरिया (जिओबॅक्टर त्यातला सगळ्यात प्रसिद्ध) पाण्यातली सेंद्रिय घाण खातात आणि आजूबाजूला ऑक्सिजन नसेल तर त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन सरळ इलेक्ट्रोडला (याला अॅनोड म्हणतात) देऊन टाकतात, मग ते वायरमधून दुसऱ्या इलेक्ट्रोडला, म्हणजे कॅथोडला जातात, तिथे हवेतला ऑक्सिजन ते घेतो, झाला करंट सुरू. पॉटर नावाच्या इंग्लिश प्राध्यापकाने सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे १९११ मध्येच दाखवलं होतं, तरी बातमीत मात्र दरवेळी 'नवा शोध'!

आता हिशोब बघा. एक किलो सीओडीमध्ये (सीओडी म्हणजे पाण्यातली घाण नष्ट करायला किती ऑक्सिजन लागेल त्यावरून केलेलं घाणीचं मोजमाप) साधारण पावणेचार युनिट ऊर्जा असते, ही कागदावरची. प्रत्यक्षात एक सेल चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या आतच असतो, ०.४ व्होल्ट धरा, आणि घाणीतले सगळे इलेक्ट्रॉन वायरपर्यंत पोचतच नाहीत, कारण मिथेन बनवणारे जंतू आणि कुठून तरी शिरलेला ऑक्सिजन आपला वाटा घेतातच. निम्मे इलेक्ट्रॉन मिळाले असं उदार मनाने धरलं तरी किलोमागे जेमतेम पाऊण युनिटच्या आतबाहेर वीज हाती येते, त्यातून पंप चालवायचे ते वेगळेच. एवढ्यावर कुठला कारखाना चालणार?

पण ज्यांनी ईटीपी (कारखान्याचा सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) चालवलाय त्यांना विचारा बिल कशाचं येतं. पाण्यात हवा मारणाऱ्या ब्लोअरचं! नेहमीच्या अॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीत (पाण्यात हवा मारून जंतूंकडून घाण खाऊन घ्यायची) तेवढीच एक किलो सीओडी काढायला नुसत्या एअरेशनमध्ये ढोबळमानाने एक युनिट जातं, प्लांटच्या विजेतला निम्मा वाटा बऱ्याचदा हवा मारण्यातच संपतो आणि शेवटी गाळाचा ढीग उरतो तो सुकवायचा, उचलायचा, कुठे टाकायचा ही कटकट वेगळी. फ्युएल सेलमध्ये पाण्यात हवा मारावी लागत नाही आणि बॅक्टेरियाच्या वाट्याला ऊर्जा कमी येते म्हणून गाळही कमी होतो. म्हणजे वाचलेली वीज ही तयार झालेल्या विजेपेक्षा जास्त आहे, आणि हेडलाइन मात्र तयार झालेल्या विजेची!

मोठं करायला गेलं की अडचणी येतात हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या याटाला इथे फॉस्टर्सच्या बिअर कारखान्यात २००७ च्या सुमारास क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी तीन मीटर उंचीच्या बारा नळ्यांचा, एकूण हजार लिटरचा प्लांट लावला होता. पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) कमी आणि कॅथोडवर जंतूंचा जाड थर, यामुळे करंट कमीच राहिला. टाकी दहापट केली म्हणून वीज दहापट होत नाही, सेल एकापुढे एक जोडावेत तर एखादा उपाशी राहिला की उलटाच चालायला लागतो. कॅथोडवर प्लॅटिनम नको म्हणून आता अॅक्टिव्हेटेड कार्बन वापरतात, त्याने खर्च बराच उतरलाय, हे चांगलं झालं.

आणि प्रत्येक कारखान्याचं पाणी सारखं नसतं. डेअरी, बिअर, फळांचा रस असलं पाणी जंतूंना आवडतं. डिस्टिलरीचं फारच कडक, म्हणजे खूप जास्त घाण असलेलं, पाणी असेल तर बायोगॅसचा डायजेस्टर (बंद टाकी) आजही जास्त परवडतो, उगाच इलेक्ट्रोडच्या मागे लागू नये असं माझं मत. विषारी केमिकलवाल्या पाण्यात तर अॅनोडवरचे जंतूच टिकत नाहीत, मात्र कॅथोडच्या बाजूला सहा-व्हॅलन्सी क्रोमियमचं कमी घातक तीन-व्हॅलन्सी क्रोमियम करता येतं, तांबं परत काढता येतं, यावर प्रयोगशाळांत बरंच काम झालंय आणि त्याबद्दल मात्र कोणी फारसं छापत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशी बातमी आली की दिवा पेटल्याचा फोटो खुशाल छापा, पण सोबत रोज किती लिटर पाणी, आत सीओडी किती, बाहेर किती, ब्लोअरचं बिल किती कमी झालं आणि प्लांट न थांबता किती महिने चालला, हे पण विचारून छापा.

आपला,
एक नियमित वाचक