बिल मागायला जाशील ना?

मुलुंड (पूर्व), मुंबई
रविवार, रात्री

चि. मृणाल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

दुपारी तू अर्ध्या जेवणावरून उठून गेलीस आणि तुझ्यासाठी भरलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. हे सारे मी व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहू शकले असते, पण तिथे तू अंगठा पाठवून मोकळी होतेस; कागदाची निदान घडी तरी उलगडावी लागते. राजीनामा तू दिलेला आहेस, या महिन्याच्या अखेरीस तुझे कार्यालय सुटणार आहे आणि पुढे तू स्वतःची कामे घेणार आहेस, तेव्हा आता नोकरी सोडू नकोस असे सांगण्यात काही अर्थ नाही. ‘तुला हे झेपणार नाही’ असे मी ताटावर बोलले, ते शब्द मागे घेते. वातानुकूलनाचे तुझे आराखडे मला वाचता येत नाहीत. पण तुझे साहेब तो राजीनामा आठवडाभर खणात ठेवून बसले होते, यावरून ते आराखडे कसे असतील याचा अंदाज मला येतो, आणि हे मी शेजारी तीन घरी सांगूनही आले आहे.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे पाच वर्षे नोकरी पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या रकमेचा, विषय मी काढायला नको होता. पण मंगळवारी तुझा फोन आला त्याच रात्री मी कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली, आकडे मांडले होते: मूळ पगार ५२,००० रुपये, त्याचे भागिले सव्वीस गुणिले पंधरा म्हणजे वर्षाला ३०,००० आणि पाच वर्षांचे दीड लाख. तुझी चार वर्षे आणि पाच महिने झाले आहेत. सात महिन्यांसाठी दीड लाख सोडणारी मुलगी माझ्या पोटी कशी जन्मली, हा प्रश्न एकोणतीस वर्षे विमा कंपनीच्या कचेरीत कारकुनी केलेल्या बाईला पडणारच. तू म्हणालीस की ते दीड लाख दोन कामांत मिळतील. मिळतील, हे मी मान्य करते. ते हातात कधी पडतील, एवढेच मला विचारायचे होते, आणि ते विचारण्याआधीच आपले आवाज चढले.

पगाराची ओढ मला का आहे हे तुला ठाऊक नाही असे नाही. भविष्य निर्वाह निधीचे तुझे ६,२४० रुपये दरमहा कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते. यापुढे दोन्ही बाजूंएवढे पैसे तुलाच बाजूला टाकावे लागतील, आणि ज्या महिन्यात टाकले नाहीस त्या महिन्यात तुला कोणी विचारणार नाही. पण नोकरी म्हणजे दगडावरची रेघ असेही मी मानत नाही. माझे वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाला, कायम होते. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभे राहून काम मिळण्याची वाट पाहात, त्यांच्याकडे पाहून ते अभिमानाने म्हणत की आपले नाव पटावर आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि त्या पटावरच्या नावाचा नंतर काय उपयोग झाला हे लालबागमध्ये कोणालाही विचार. घर चालले ते आजीच्या खानावळीवर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे तिला बँकेचे कर्ज मिळाले होते, नाही तर सावकाराच्या व्याजातच ती संपली असती. तिच्याकडे चौदा जण महिन्याच्या उधारीवर जेवत. संपानंतर पगारच थांबले, आणि तरी ती तीन महिने चौदा ताटे वाढत राहिली. त्यातले बरेचसे पुढे गावी निघून गेले. ती वही तिने जन्मभर फडताळात जपली, पण तिच्यातले एक नाव घेऊन कोणाच्या दारात गेली नाही. ‘त्यांनी तरी कुठून द्यायचे?’ असे म्हणे. त्या माणसांच्या बाबतीत ते खरेही होते.

बाबांच्या बाबतीत मात्र ते खरे नव्हते. साकीनाक्याच्या गाळ्यात त्यांचे दोन लेथ होते आणि हाताला इतकी सफाई होती की त्यांचा माल परत आल्याचे मला आठवत नाही. १९९८ मध्ये ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीकडे त्यांचे ८६,४०० रुपये अडकले. कंपनी बुडालेली नव्हती, गेटवर नवीन मोटारी उभ्या असत. बाबा दर शनिवारी जात, हिशेब खात्यातला माणूस ‘बसा हो, चहा घ्या’ म्हणे, बाबा चहा घेत, त्याच्या मुलाची बारावी कशी गेली ते विचारत आणि घरी येत. मी विचारले की म्हणत, ‘आज विषय काढण्यासारखे वातावरण नव्हते.’ उशिराच्या पैशांवर लहान उद्योगांना व्याज देण्याचा कायदा १९९३ मध्येच झाला होता. तो मी कचेरीतल्या वकिलांना विचारून आले होते आणि बाबांना समजावूनही सांगितला होता. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा चहा घेतला. त्या वर्षी तुझी शाळेची फी, गाळ्याचे भाडे आणि दोन कामगारांचा पगार माझ्या पगारातून गेला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी फोर्टहून व्हीटीपर्यंत मी पर्स छातीशी धरून चालत असे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, आणि बाबा आता उत्तर द्यायला नाहीत तेव्हा लिहूच नये. पण तो गाळा अठरा वर्षे चालला त्याचे एक कारण मुलुंडहून रोज ७.४२ ची लोकल पकडत होते, एवढे तुला माहीत असावे. आता ती लोकल समीर पकडेल. त्याला हे नीट विचारले आहेस का, की ‘तो समजून घेईल’ असे गृहीत धरले आहेस?

बघ, मी पुन्हा शिकवायला लागले. राहू दे, तो तुम्हा दोघांचा प्रश्न आहे.

माझी भीती तुझ्या कामाची नाही. दहावीच्या सुट्टीत तू तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांना गणित शिकवायचीस, आठवते? दोघांचे गुण वाढले. त्यांच्या आईने दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत आणि तू जिन्यात तिला पाहिलेस की मलाच पुढे करायचीस. ‘विसरल्या असतील गं,’ असे म्हणालीस तेव्हा तुझा चेहरा हुबेहूब बाबांचा होता. भीड ही भिकेची बहीण, असे आजी म्हणायची, आणि ती स्वतः आयुष्यभर भीडच बाळगून राहिली. नोकरीत ही भीड झाकली जाते, कारण तुझ्या वतीने पैसे मागणारे दुसरे कोणी तरी असते. पुढच्या महिन्यापासून ती व्यक्ती तूच.

म्हणून काही गोष्टी लिहिते. तुला ठाऊक असतील तर सोडून दे. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी पहिल्याच आठवड्यात कर, ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. काम कितीही ओळखीतले असो, कार्यादेश लेखी घे आणि काही रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पहिली रेघ ओढू नकोस. बिलातून आयकरापोटी दहा टक्के टीडीएस कापला जाईल, तेव्हा हातात येणारा आकडा धरूनच घरखर्च मांड. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागेल. तो दिवस आला तर पेढे माझ्याकडून. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, स्वतःचा आधी काढ. निर्वाह निधीतले पैसे काढून संगणक घेऊ नकोस, संगणकाला मी देते.

एवढे कायदे बाबांच्या वेळी असते तर, असे लिहिणार होते. पण कायदा तेव्हाही होता. तो खिशात घेऊन बाबा चहा पीत बसले. मुख्य कंत्राटदार तुला ‘ताई, आमचेच पैसे वरून आलेले नाहीत’ असे सांगेल तेव्हा तू काय म्हणशील, हे मी आज संध्याकाळपासून मनात घोळवते आहे, आणि दर वेळी तू ‘बरं, आल्यावर द्या’ म्हणताना दिसतेस. मला खोटे ठरव. तू आराखड्यांबद्दल बोलायला लागतेस तेव्हा तुझे हात हवेत नळ्या काढू लागतात, अगदी बाबा मापे सांगताना करीत तसे, आणि ते पाहून मला एकाच वेळी बरे वाटते आणि पोटात गोळाही येतो. दुपारी मी भांडले ते त्या गोळ्यापायी.

गुरुवारी डबा न्यायला ये. सुरमई मिळाली तर आणून ठेवते, समीरलाही आण.

या पत्रासोबत दोन पिवळे पडलेले कागद ठेवले आहेत. बाबांची बिले मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या यंत्रावर टाईप करून देत असे, हे तुला माहीत आहे. ८६,४०० रुपयांचे हे स्मरणपत्रही मीच टाईप केले होते, ‘आठ दिवसांच्या आत’ हे शब्द अधोरेखित करून. वर कार्बन प्रत आहे आणि खाली मूळ पत्र. दोन्ही बाबांच्या खणात सापडली, पाकिटावर तिकीट लावलेले होते. मजकूर अजून चांगला आहे. नाव आणि तारीख तेवढी बदलून घे.

तुझी,
आई