आकाशगंगेच्या फोटोखाली तिथी आणि वेळही छापा

महोदय,

उन्हाळा लागला की गडकिल्ल्यांवर उगवलेल्या आकाशगंगेचे फोटो वृत्तपत्रांत झळकू लागतात. खाली कॅमेऱ्याचे मॉडेल दिलेले असते. फोटो कोणत्या तिथीला, किती वाजता काढला हे मात्र नसते. नवशिक्याला खरी गरज असते ती याच माहितीची.

आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सर्वांत ठळक मधला भाग, धनू-वृश्चिक राशींकडे आहे. महाराष्ट्रातून तो मार्चच्या मध्याला पहाटे साडेतीननंतर आणि मेअखेरीस रात्री साडेदहानंतर पुरेसा वर येतो. म्हणून मार्चमध्ये शुद्ध पक्षातल्या पहिल्या सात-आठ रात्रीही चालतात, कारण तोवर चंद्र मावळलेला असतो. मेमध्ये हेच उलटे, वद्य दशमी ते अमावास्या गाठावी, कारण तेव्हा चंद्र उशिरा उगवतो. ‘अमावास्येलाच जायचे’ या हट्टापायी कितीतरी चांगल्या रात्री वाया जातात. शिवाय सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास आकाश पुरते काळे होत नाही.

कॅमेरा साधा असला तरी भागते. ट्रायपॉड मात्र भक्कम हवा. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आणि कॅमेऱ्यासोबत येणारी १८ मिमीची किट लेन्स असेल तर छिद्र एफ ३.५, प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ ३२००, आणि फोटो रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. तारे रेघांसारखे न उमटता शटर किती वेळ उघडे ठेवता येईल हे सांगणारा ‘५००चा नियम’ (५०० भागिले फुल फ्रेमच्या हिशेबातली फोकल लांबी) इथे सुमारे १८ सेकंद सांगतो, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यात तारे लांबट होतात. १० ते १२ सेकंदच ठेवावेत. फोकस रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) ठळक तारा मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवावी, मग फोकस आणि झूम दोन्ही रिंगांना चिकटपट्टी लावावी. गारठा वाढला की फोकस सरकतो, तासाभराने पुन्हा पाहावा. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही (फोटोतले नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, कॅमेऱ्यातच कमी करणारी सोय) बंदच ठेवावे, नाहीतर प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ फुकट जातो. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर १०-१५ डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा नॉइज वजा करण्यासाठीचे काळे फोटो, घ्याव्यात. घरी येऊन घेतलेल्या चालत नाहीत, कारण तापमान बदललेले असते. आकाशाचे असे २० फोटो सीक्वेटर किंवा सिरिल या मोफत प्रोग्राममध्ये एकत्र केले की नॉइज साडेचार पटीने उतरतो. महागड्या लेन्सपेक्षा हा उपाय केव्हाही स्वस्त.

प्रकाश प्रदूषण घालवणाऱ्या फिल्टरवर पैसे घालण्याआधी विचार करावा. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींत एकवटलेला असल्याने बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरतो. त्याला अडवायला जावे तर ताऱ्यांचाही प्रकाश जातो. त्यातला निळा भाग हवेत अधिक विखुरतो, ते वेगळेच. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारे आकाश जपणारा मान्यताप्राप्त प्रदेश, ठरला. गडांच्या पायथ्याच्या गावांतले दिवे निदान खाली तोंड करून, झाकण लावून बसवले तरी पुष्कळ फरक पडेल.

आपल्या पंचांगाच्या चौकटीत तिथी आणि सूर्यास्त असतातच. शेजारी चंद्रोदय, चंद्रास्त आणि संधिप्रकाश संपण्याची वेळ द्यावी. फोटोखाली तिथी, वेळ आणि किती फोटो एकत्र केले ते छापावे. गड संध्याकाळी आणि आकाश पहाटे टिपून जोडलेले असेल तर तेही.

– एक आकाश-छायाचित्रकार, नाशिक