‘सर्व्हर डाऊन’च्या पाटीपुढे एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुका पानावर एका कार्यालयाच्या दारातल्या पाटीचे छायाचित्र आले होते. खडूने लिहिलेले ‘सर्व्हर डाऊन’, आणि पायरीवर बसलेली माणसे. बातमीत लिहिले होते की तांत्रिक बिघाडामुळे लोकांचे हाल झाले. हाल झाले यात शंकाच नाही. पण बिघाड कसला, हे बातमीत कुठेच नव्हते. पंचवीस वर्षे एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळत आले आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

२००८ सालची गोष्ट सांगते. आमच्याकडे एकच सर्व्हर होता, लिनक्स या प्रणालीवर चालणारा, त्यावर खात्यांच्या नोंदी ठेवणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस. सहा काउंटरची मशीन स्विचमधून, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्यातून, त्याला जोडलेली. रविवारी पुरवठादाराचा माणूस येऊन लिनक्स अपडेट करून गेला. सोमवारी दूध बिलाचा दिवस. सकाळी दहाला पासबुके घेऊन लोक रांगेत उभे, आणि पहिल्या काउंटरवर लॉगिन केल्याबरोबर ‘लॉस्ट कनेक्शन’. दुसऱ्या काउंटरवर तेच. मी आत सर्व्हरपाशी जाऊन बघते तर डेटाबेस चालू! खाते क्रमांक टाकला की शिल्लक दिसते. बाहेर येऊन सांगते, “चालू आहे, परत करून बघा.” परत करून बघितले की परत तेच.

दिवसभर हेच चालले. केबल बदलली, स्विच बदलला. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ म्हणून सर्व्हरला मारलेल्या हाकेला, उत्तर येत होते. संध्याकाळी पुरवठादाराने फोनवर निकाल दिला : मशीन जुने झाले, नवा सर्व्हर घ्या, नाहीतर फॉरमॅट मारू.

हे ‘फॉरमॅट मारू’, म्हणजे सगळे पुसून नव्याने बसवू, आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. फॉरमॅट मारला की चालते, म्हणून सगळे खूश. पण का बंद पडले होते याचा पुरावाही त्याच वेळी पुसला जातो, आणि तोच बिघाड पुन्हा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी त्याला मंगळवारपर्यंत थांबवले आणि रात्री पहिल्यांदा एरर लॉगची फाइल, म्हणजे डेटाबेस आपल्या बिघाडांची नोंद ठेवतो ती, उघडली. इतकी वर्षे ती तिथेच होती, मी कधी वाचली नव्हती. तिच्यात ‘सिग्नल ११’ ही ओळ दिवसभरात चाळीसहून अधिक वेळा आली होती. सिग्नल ११ म्हणजे प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी धरायला हात घातला आणि लिनक्सने त्याला जागीच बंद केले. डेटाबेसवर लक्ष ठेवणारा दुसरा एक छोटा प्रोग्राम असतो, तो लगेच त्याला पुन्हा उठवत होता. म्हणून मी आत जाईपर्यंत सगळे ठीक दिसायचे. आणि मी दर वेळी “परत करून बघा” म्हणत होते, त्या प्रत्येक वेळी तो नव्याने कोसळत होता. त्या कोसळण्यात रोजच्या व्यवहारांचे एक टेबल बिघडले, ते दुरुस्त करायला अख्खी रात्र गेली. ही चूक माझी होती.

मग एक साधी परीक्षा केली. सर्व्हरवरच बसून ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हेच मशीन) म्हणून जोडले तर चालते, कारण तेव्हा जोडणी नेटवर्कवरून जातच नाही, मशीनमधल्या सॉकेट फाइलमधून जाते. त्याच मशीनवरून त्याचाच १९२.१६८ने सुरू होणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, दिला, तर कोसळला. ही जोडणी मशीनच्या बाहेर पडत नाही, केबलमध्ये उतरत नाही. म्हणजे केबल आणि स्विच दोन्ही निर्दोष.

कारण दोन दिवसांनी सापडले. बाहेरून कोणी जोडले की मायएसक्यूएल आधी त्या आयपीचे नाव काय, हे शोधायला जातो, कारण परवानग्या मशीनच्या नावानेही दिलेल्या असतात. आमचा मायएसक्यूएल जुन्या पद्धतीचा होता, सगळ्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामना लागणारे तयार कोडचे संच, पोटात घालून बांधलेला. पण नाव शोधायचे काम मात्र त्याला लिनक्सच्या लायब्ररीकडूनच करून घ्यावे लागते. रविवारच्या अपडेटमध्ये ती लायब्ररी नवी झाली, हा जुनाच राहिला, दोघांचे जुळेना. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘स्किप-नेम-रिझॉल्व्ह’ ही एक ओळ घातली, म्हणजे नाव शोधूच नकोस, आणि कोसळणे थांबले. त्यानंतर ‘ॲक्सेस डिनाइड’ येऊ लागले, कारण परवानग्या नावांवर होत्या. त्या आयपीवर करून घेतल्या. पुढच्या महिन्यात लिनक्सबरोबर मिळणारी मायएसक्यूएलची आवृत्ती बसवली. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही.

प्रत्येक बिघाड असाच असतो असे मी म्हणत नाही. मेमरी संपली म्हणून लिनक्सने डेटाबेस मारला, तर सिग्नल ९ असतो आणि त्याची नोंद डेटाबेसच्या नव्हे, लिनक्सच्या लॉगमध्ये सापडते. डिस्क भरली असेल तर लक्षणे आणखी वेगळी. पण बहुतेक वेळा काहीतरी कुठेतरी लिहिलेले असतेच, ते वाचणारा माणूस हवा.

म्हणून आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी अशी पाटी दिसली की तिथल्या साहेबांना एवढे विचारा : लॉगमध्ये काय आले आहे आणि ते कोणी वाचले? उत्तर आले नाही तर तेही छापा. आणि संस्थांच्या संचालकांना सांगणे आहे की देखभालीच्या कराराचे नूतनीकरण करताना त्यात एक कलम घाला : बिघाड दुरुस्त केल्यावर कारण लेखी द्यायचे, आणि लॉगची प्रत काढून ठेवल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही. आमच्या संस्थेत हे कलम २००९पासून आहे. सुरुवातीला पुरवठादार कुरकुरला, आता न सांगता लिहून देतो.

सोमवारी रांगेत उभ्या असलेल्या लोकांना बिलाचे पैसे शेवटी हाताने व्हाउचर करून, दुपारी चारनंतर दिले. कित्येकांची धारेची वेळ टळून गेली होती. एका आजोबांनी मला विचारले, “बाई, काय झालंय नक्की?” मी म्हटले, “सर्व्हर डाऊन आहे.” त्यांनी मान हलवली आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. तेव्हा माझ्याकडे दुसरे उत्तर नव्हते.

त्या दिवसाच्या लॉगची छापील प्रत मी वहीत चिकटवून ठेवली आहे. आपल्या वार्ताहरांना पाहायची असेल तर आपल्या कार्यालयात घेऊन येईन. शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

आपली नम्र,
एका पतसंस्थेतील कर्मचारी, कराड
(नाव छापू नये ही विनंती)