चूर्ण रोजच्या खुराकाचे, आजारी गायीचे नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला जनावरांच्या हर्बल पाचकांवरचा लेख वाचला आणि राहवले नाही. ओवा, सुंठ, हिंग, बडीशेप खुराकात असली की जनावर चवीने खाते, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या गोठ्यात आजीपासून ते चालत आले आहे. पण 'अपचन, पोटफुगी, आम्लता, सर्वांवर गुणकारी' असे छापताना डॉक्टरांना कधी बोलवायचे, याची एक ओळ तुम्हाला घालता आली नाही?

गेल्या मे महिन्यात जवळच्या मंगल कार्यालयातून उरलेल्या भाताचे आणि जिलेबीचे घमेले आले. मी वावरात होतो. गड्याने ते सगळे माझ्या चांदी गायीपुढे ओतले. गवळाऊ जातीची, दुसऱ्या वेताची. संध्याकाळी तिने ढेपेला तोंड लावले नाही, रवंथ बंद. मी असल्याच पाचक चूर्णाचे एक पाकीट फोडले, गुळात कालवून दोन मुठी चारल्या. रात्री एकला पुन्हा. पहाटे ती दात खात बसली होती, शेण पाण्यासारखे पातळ, आंबट वासाचे. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर मूठ दाबली, तर आत माठातल्यासारखे पाणी हिंदकळले. 'काल संध्याकाळीच फोन करायला हवा होता, पोट धुऊन काढता आलं असतं,' एवढेच ते म्हणाले. दुपारी चांदी गेली. तिची कालवड दोन दिवस हंबरत होती.

कोटीपोटाचा, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटाचा, सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 6 ते 7 असतो. एकदम भात, गोड पोटात गेले की लॅक्टिक आम्ल तयार होते, सामू 5 च्याही खाली जातो आणि कुटार, म्हणजे कोरडा चारा, पचवणारे जंतू मरतात. ते आम्ल मूठभर सुंठीने हटत नाही. ओव्यातला थायमॉल जंतूनाशक आहे, म्हणजे मात्रा वाढली तर उपयोगी जंतूंनाही त्रास. माझ्या पाकिटावर कशाचे किती प्रमाण ते नव्हते, गाय आणि वासराला मात्राही एकच. कालच्या लेखाखाली तशाच चूर्णाची अर्धे पान जाहिरात होती, तेही खटकले. पशुवैद्यक विद्यापीठ याच नागपुरात आहे. लेख तिथल्या तज्ज्ञांना दाखवून छापला असता तर काय बिघडले असते?

मंगल कार्यालयवाल्यांनाही हात जोडून सांगतो, उरलेले अन्न पुण्य म्हणून गोठ्यात आणून टाकू नका. त्यात प्लास्टिकचे चमचेसुद्धा निघतात.

पुढच्या पुरवणीत एक चौकट छापा : रवंथ थांबले, डावी कूस फुगली किंवा जनावराने धान्य, शिजलेले अन्न जास्त खाल्ले, तर घरगुती उपायांत रात्र घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. लग्नसराई लागायच्या आधी छापा.

आपला,
एक गोपालक, हिंगणा रोड, नागपूर