नऊ-दहाची शाळा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मार्च उजाडला की माझ्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज यायला लागतात. कुणाचा तरी मावसभाऊ, कुणाची तरी नणंद, कंपनीने न्यू जर्सीला पाठवलंय किंवा इथेच सिटीतून सबर्बला हलायचंय, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, कुठलं टाऊन बघू? शाळा नऊ-दहाची पाहिजे." नऊ-दहाची म्हणजे सकाळी नऊ-दहाला भरणारी नव्हे. इथे झिलोसारख्या साईटवर घर बघताना खाली शाळेचं नाव येतं आणि त्यापुढे दहापैकी एक आकडा येतो, तो नऊ किंवा दहा पाहिजे. तिकडे आईवडिलांनाही हा आकडा पाठ झालाय, म्हणून तुमच्या पेपरला लिहितोय, कारण मुलं माझं ऐकत नाहीत पण बाबांनी पेपरातलं वाचून दाखवलं तर कदाचित ऐकतील.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हटलं की टाय, ब्लेझर आणि फी. इथे पब्लिक म्हणजे चक्क सरकारी, बारावीपर्यंत फुकट, आणि कुठली शाळा मिळणार हे तुमचा पत्ता ठरवतो. डोनेशन नाही, मुलाखत नाही, अर्ज घेऊन रांगेत उभं राहणं नाही. भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला आणि लसींचं रेकॉर्ड नेलं की झालं. म्हणजे शाळेची फी तुम्ही भरता, पण घराच्या किमतीतून आणि प्रॉपर्टी टॅक्समधून भरता. न्यू जर्सीत सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात गेलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांकडे जातो. मूल नसलं तरी भरायचा. त्यामुळे ज्यांना मुलं नाहीत तेही शाळेच्या आकड्यावर डोळा ठेवून असतात, घर विकताना उपयोगी पडतो ना.

आता हा आकडा येतो कुठून. बहुतेक साईट्स तो ग्रेटस्कूल्स नावाच्या संस्थेकडून घेतात, आणि ती घेते मुख्यतः राज्याच्या परीक्षांवरून. फेडरल कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी भाषा आणि गणिताची परीक्षा घ्यावीच लागते. तिसरीच्या आधी परीक्षाच नाही! म्हणजे पाच वर्षांच्या पोराला बालवाडीत, म्हणजे इथल्या किंडरगार्टनमध्ये, घालताना तुम्ही जो आकडा बघताय तो वरच्या वर्गांतल्या दुसऱ्यांच्या मुलांचा आहे, आणि त्या मुलांचे आईबाप किती शिकलेत, घरी ट्यूशन लावतात का, हे त्या आकड्यात शाळेपेक्षा जास्त दिसतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, १९६६ सालच्या कोलमन रिपोर्टपासून हेच बोललं जातंय की मार्कांमधला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीवरून जास्त ठरतो. ग्रेटस्कूल्सनेही २०१७ मध्ये आणि परत २०२० मध्ये हिशोब बदलला, मुलांची वर्षभरात प्रगती किती झाली याला जास्त वजन द्यायला लागले, पण लोक आत जाऊन बघतच नाहीत की हा आठ कशाचा आठ आहे.

माझंच उदाहरण देतो, म्हणजे शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको.

आम्ही २०१७ मध्ये आलो, पाच वर्षं जर्सी सिटीत भाड्याने काढली, २०२२ च्या उन्हाळ्यात सबर्बला घर घेतलं. मुलगा सहावीत जाणार, मुलगी दुसरीत. घरं बघताना आमच्या दोघांची एकच एक्सेल शीट, पहिला कॉलम शाळेचा आकडा, बाकी सगळं नंतर. एजंटला विचारलं की शाळा कशी आहे, तर तो म्हणाला मी त्यावर बोलू शकत नाही, तुम्हीच साईटवर बघा. तेव्हा राग आला होता, नंतर कळलं की १९६८ चा फेअर हाऊसिंग कायदा आहे, एजंटने लोकांना अमुक वस्तीकडे वळवल्यासारखं होऊ नये म्हणून ते शाळेच्या चांगल्या-वाईटावर बोलायचं टाळतात. मग साईटवर बघितलं. नऊ! दुसऱ्या दिवशी ऑफर टाकली, मागत होते त्यापेक्षा वर.

ऑगस्टमध्ये सगळी कागदपत्रं घेऊन स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात गेलो. काऊंटरवरच्या बाईंनी पत्ता टाईप केला, चष्मा वर केला, आणि वेगळ्याच शाळेचं नाव सांगितलं. मी म्हटलं नाही नाही, साईटवर तर ती आहे. त्यांनी ड्रॉवरमधून नकाशा काढला, पिवळ्या हायलायटरने रेघ मारलेली होती, ती रेघ बरोबर आमच्या रस्त्याच्या मधून जात होती. पलीकडचे विषम नंबर नऊवाल्या शाळेत, अलीकडचे सम नंबर सहावाल्या शाळेत. आमचा नंबर सम. बायको काही बोलली नाही, गाडीत बसल्यावर फक्त एवढंच म्हणाली की ती शीट डिलीट कर.

लिस्टिंगच्या, म्हणजे साईटवरच्या घराच्या जाहिरातीच्या, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की शाळेची माहिती खरेदीदाराने स्वतः तपासून घ्यावी. आम्ही ते वाचलं नव्हतं. डिस्ट्रिक्टच्या वेबसाईटवर पत्ता टाकून शाळा बघायची सोय असते बहुतेक ठिकाणी, नसली तर एक फोन, दोन मिनिटांचं काम. आणि शाळा वाढल्या, मुलं कमी झाली की ही रेघ हलते सुद्धा, त्याला रिडिस्ट्रिक्टिंग म्हणतात, त्यावरून गावात जी भांडणं होतात ती बघण्यासारखी असतात.

गंमत म्हणजे दोन्ही प्रायमरी शाळांतली मुलं पाचवीनंतर एकाच मिडल स्कूलमध्ये जातात आणि पुढे एकाच हायस्कूलमध्ये. म्हणजे सगळा जीव टांगणीला लावला होता तो फक्त प्रायमरीच्या वर्षांसाठी, त्यातही मुलाचं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो थेट मिडल स्कूललाच जाणार होता. सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा १९९९ चा एक पेपर आहे, त्यांनी बॉस्टनच्या सबर्बमध्ये अशाच रेघांच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून बघितली, तर परीक्षेचे मार्क ५ टक्के जास्त असले तर लोक घराला साधारण अडीच टक्के जास्त मोजतात असं निघालं. आम्ही तर रेघेच्या चुकीच्या बाजूला राहून बरोबर बाजूचे पैसे मोजले, आमच्यावर वेगळा पेपर लिहायला पाहिजे.

तर ती सहाची शाळा. मुलीची बालवाडी २०२०-२१ ची, म्हणजे लॅपटॉपसमोर बसून झालेली, त्यामुळे वाचन कच्चं होतं आणि ते आम्हाला धड कळलंही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात शाळेतून फोन आला. वाचनासाठी एक वेगळ्या टीचर होत्या, रोज सकाळी अर्धा तास तीन मुलांना घेऊन बसायच्या, त्यात हिला घेतलं. फेब्रुवारीत ती बाथटबमध्ये पुस्तक घेऊन गेली आणि भिजवून आली, मी रागावलो पण आतून बरं वाटलं. आता पलीकडच्या शाळेत असं झालंच नसतं असं मी म्हणत नाही, मला काय माहीत. पण अशा टीचर आहेत की नाहीत हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं एवढं खरं.

उलट जिथे आकडा चांगला होता तिथे फटका बसला. मिडल स्कूलचा आठ. मुलाचं गणित चांगलं, पण पुढच्या गटाची प्लेसमेंट टेस्ट आदल्या वसंतात होऊन गेलेली आणि आम्ही आलो ऑगस्टमध्ये, मग साध्या गटात टाकलं. चार ईमेल, दोन मीटिंगा, वर्ष गेलं तेव्हा वर सरकला. आठवीत अल्जेब्रा मिळणार की नाही हे सहावीतच ठरत जातं आणि नवीन आलेल्याला हे कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून मेसेज करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हल्ली हाच असतो की मूल कितवीत आहे. दुसरीतल्या मुलासाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या आणि सातवीतल्या मुलासाठी वेगळ्या, आणि तीन वर्षांचं असेल तर आणखी वेगळ्या.

तीन वर्षांच्या मुलांचं तर ऐकाच, कारण हे आपल्या लोकांना अजिबात माहीत नसतं. न्यू जर्सीत ॲबट विरुद्ध बर्क असा खटला अनेक वर्षं चालला, त्यात १९९८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला की गरीब डिस्ट्रिक्टमधल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना चांगली प्रीस्कूल द्या. अशी ३१ डिस्ट्रिक्ट आहेत, जर्सी सिटी त्यातलंच. आमची मुलगी तिथे पूर्ण दिवसाच्या प्रीस्कूलला गेली, एक डॉलर भरला नाही. आकडे कमी म्हणून आपली माणसं तिथून मूल दोन वर्षांचं असतानाच पळ काढतात आणि सबर्बला जाऊन डेकेअरला महिन्याचा जवळजवळ दुसरा घरहप्ता भरतात. थोडं थांबा की!

बरं मग बघायचं काय. राज्य सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं, फुकट आहे, वाचायला कंटाळवाणा आहे, पण त्यात खरा माल आहे. त्यात ग्रोथ बघा, म्हणजे सारख्याच मार्कांपासून सुरुवात केलेल्या राज्यातल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं किती पुढे सरकली, तिथे ५० म्हणजे मध्यावर. मार्क कमी आणि ग्रोथ ६० असलेली शाळा मी मार्क जास्त आणि ग्रोथ ४० असलेल्या शाळेच्या आधी बघायला जाईन. गैरहजेरी बघा. १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणारी मुलं किती, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस, हा आकडा मोठा असेल तर काहीतरी बिनसलंय. टीचर किती वर्षं टिकतात तेही असतं. आणि स्कूल बोर्डाच्या मीटिंगा कायद्याने सगळ्यांना खुल्या असतात, निदान मागच्या दोन-तीन मीटिंगांचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, तरी वाचा. २०१८ च्या कायद्याने कित्येक सबर्बची राज्याकडून येणारी मदत वर्षावर्षाने कापली गेली, आणि टॅक्स तर वर्षाला साधारण २ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, मग लायब्ररियन जातो, बँड जातो, बस जाते. साईटवरचा आकडा मात्र तसाच राहतो.

बसवरून आठवलं. प्रायमरीला घरापासून शाळा २ मैलांच्या आत असेल तर बस द्यायला डिस्ट्रिक्ट बांधील नाही, हायस्कूलला अडीच मैल. आमचं घर १.८. दोघंही नोकरी करणारे, साडेतीनला शाळा सुटते, आता बोला.

अजून एक, जरा नाजूक. ॲडमिशनच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म भरावा लागतो. आपले पुष्कळ लोक घरात चोवीस तास मराठी बोलून तिथे इंग्लिश लिहितात, मुलाला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वेगळ्या तासाला, टाकतील, मागे पडेल, लोक काय म्हणतील. आम्हीही मुलाच्या वेळी पेन हातात घेऊन दहा मिनिटं बसलो होतो. शेवटी मराठी लिहिलं. त्याची छोटी टेस्ट झाली, सहा महिने रोज थोडा वेळ वेगळ्या टीचरकडे गेला, तोवर वर्गात गप्प बसणारा पोरगा तिथे बोलायला लागला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लाऊ विरुद्ध निकल्स खटल्यात सांगितलेलं आहे की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मदत दिलीच पाहिजे, तो मुलाचा हक्क आहे, आपण उगाच लाजून सोडून देतो.

आणि ज्यांना दहाच पाहिजे त्यांच्यासाठी. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे आपल्या लोकांचं अगदी लाडकं डिस्ट्रिक्ट, शाळा खरंच उत्तम. तिथल्या सुपरिंटेंडेंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, २०१५ मध्ये पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं, मुलांवरच्या ताणाबद्दल, आणि हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षाच बंद केल्या होत्या. त्यावर पालकांमध्ये उभे दोन तट पडले, आणि परीक्षा हव्यात म्हणणाऱ्यांत आशियाई पालक जास्त होते. तुमचं मूल अशा वर्गात फुलेल की मिटून जाईल हे तुम्हालाच माहीत असणार, साईटला नाही.

मी हल्ली सगळ्यांना एकच सांगतो की पहिलं वर्ष भाड्याने राहा, शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर दोन-तीनदा उभे राहा, मुलं कशी बाहेर पडतात, क्रॉसिंग गार्ड मुलांना नावाने हाक मारतो का ते बघा, आणि तिथे उभ्या असलेल्या आयांना विचारा की मागच्या वेळी शाळेला ईमेल केली तेव्हा उत्तर किती दिवसांनी आलं. यावर "हो दादा" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी झिलोची लिंक पाठवतात, "ही बघ, नऊ आहे."

पत्र लांबलं, हवं तिथे कात्री लावा. छापलंत तर ऑनलाईन आवृत्तीतही टाका म्हणजे लिंक फॉरवर्ड करता येईल, या मार्चपासून सात जणांना हेच वेगवेगळं टाईप करून झालंय.

आपला,
एक पालक, न्यू जर्सी